‘ओटीपी आला का?’

सिलिंडर घेऊन आलेला माणूस विचारतो, रिक्षावाला विचारतो, सेतू केंद्रातला मुलगा विचारतो आणि परदेशातून मुलगी फोन करून आईला विचारते. एकट्या पासवर्डवर आता सहसा महत्त्वाचं खातं उघडत नाही. मागाहून सहा आकडे लागतात, आणि ते नेमके घाईच्या वेळी येत नाहीत. हा वैताग खरा आहे. तरीही दुसरं कुलूप सक्तीचं असावं, या मताचा मी आहे. फक्त ज्याच्याकडे रेंज नाही किंवा स्वतःचा फोन नाही, त्याला दाराबाहेर उभं करणारी सक्ती नको. या सहा आकड्यांच्या मागे रामायणापासून रिझर्व्ह बँकेपर्यंत बराच मालमसाला आहे. त्यातला चटकदार भाग इथे वाढला आहे.

अशोकवनातली खूण

वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात हनुमान समोर येतो, तेव्हा सीता त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. रावण मायावी. तोच वानराचं रूप घेऊन आला असेल तर? ती आधी रामाचं वर्णन करायला लावते. ते बरोबर निघतं, मग रामाची अंगठी पुढे येते. निरोप देतानाही ती तितकीच सावध असते. हनुमानाच्या हाती चूडामणी देते आणि जोडीला चित्रकूटावरच्या कावळ्याची गोष्ट सांगते. ती गोष्ट फक्त तिला आणि रामाला ठाऊक. मणी एखाद्याला चोरता आला असता, पण ती आठवण कशी चोरणार?

संगणकवाले नेमकं हेच करतात. एक खूण तुम्हाला ठाऊक असलेली: पासवर्ड, पिन. दुसरी तुमच्याजवळ असलेली: फोन, कार्ड. तिसरी तुमच्या अंगचीच: बोटाचा ठसा, चेहरा. या तिन्हींपैकी दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा जुळल्या, की दार उघडतं. एखाद्या संकेतस्थळानं पासवर्ड विचारून वर ‘आईचं माहेरचं आडनाव’ विचारलं, तर ती दुहेरी सुरक्षा होत नाही, कारण दोन्ही खुणा ‘ठाऊक’ याच जातीच्या. त्यात मराठी घरात आईचं माहेरचं आडनाव निम्म्या गावाला माहीत असतं.

पत्राच्या वर मुद्रा, खालीही मुद्रा

कागदावरही दोन खुणांची रीत होती. शिवकालीन पत्रं पाहिलीत, तर मजकुराच्या वर राजमुद्रा दिसते आणि मजकूर संपतो तिथे दुसरी, छोटी मर्यादा मुद्रा. पत्र कोणाचं, ते पहिली सांगते. ते कुठे संपलं, ते दुसरी सांगते, म्हणजे नंतर कोणी एखादी ओळ घुसडायला नको.

पासवर्डची पहिली चोरी

संगणकाला पासवर्ड लागला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीत. एकच अजस्र संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ नावाची यंत्रणा उभी केली आणि प्रत्येकाला आपापला पासवर्ड दिला. प्रत्येकाच्या वाट्याला मोजका वेळ यायचा. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला तो पुरेना. १९६२ मध्ये त्यानं पासवर्डची अख्खी फाईल छापून देण्याची आज्ञा संगणकाला दिली. यंत्रानं ती इमानेइतबारे छापून दिली, आणि पुढे तो इतरांच्या खात्यांतला वेळ वापरू लागला. चार वर्षांनी, १९६६ मध्ये, त्याच यंत्रणेत दोन फायलींची अदलाबदल झाली. आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड पडद्यावर दिसले.

म्हणजे एकटा पासवर्ड पुरत नाही, हे त्याच्या बालपणीच कळलं होतं. बिल गेट्स यांनी २००४ मध्ये पासवर्डचे दिवस भरल्याचं भाकीत केलं. वीस वर्षं उलटून गेली तरी तो आहेच.

शिलाँगचा माणूस आणि चार आकडे

एटीएमसुद्धा दुहेरी कुलपाचंच यंत्र आहे. कार्ड जवळ हवं आणि पिन ठाऊक हवा. लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेनं २७ जून १९६७ रोजी असं पहिलं यंत्र बसवलं. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ चा, आपल्या शिलाँगमधला. तेव्हा प्लास्टिकचं कार्ड नव्हतंच. सौम्य किरणोत्सारी कार्बन-१४ लावलेला कागदी चेक यंत्रात सरकवायचा आणि आकडे दाबायचे. शेफर्ड-बॅरन यांच्या मनात सहा आकड्यांचा पिन होता. पत्नी कॅरोलिन म्हणाल्या, माझ्या चारच आकडे लक्षात राहतील. ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे. जगभर पसरलेला चार आकड्यांचा पिन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठरला, तो असा. न्यायाचं म्हणून हेही सांगायला हवं, की पिनच्या कल्पनेचं पेटंट १९६६ मध्ये जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्यानं घेतलं होतं.

यात भारत पुढे होता

याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडची आणखी एक खूण मागायचीच, असा हुकूम रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २००९ मध्ये काढला आणि ऑगस्ट २००९ पासून तो लागू केला. युरोपीय संघात अशी सक्ती आली ती सप्टेंबर २०१९ मध्ये, तब्बल दहा वर्षांनी. अमेरिकेत अजूनही बहुतेक दुकानांच्या संकेतस्थळांवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले की खरेदी पार पडते. न्यू जर्सीहून सुटीवर आलेल्या भाच्याला आपल्याकडचा ओटीपी जाचक वाटतो. त्याच्या देशात चोरीच्या कार्डांवरची ऑनलाइन खरेदी हा दुकानदारांचा नित्याचा घाटा आहे, हे मात्र त्याला आवर्जून सांगावं.

या नियमाला बगल देण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न उबरचा. प्रवास संपला की कार्डातून पैसे आपोआप कापले जायचे. ओटीपी नाही, काही नाही, कारण व्यवहार परदेशातल्या गेटवेवरून फिरवलेला असायचा. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजावलं, की भारतातला माणूस भारतातल्या प्रवासाचे पैसे देत असेल तर नियमही भारताचाच. ऑक्टोबरअखेरची मुदत मिळाली आणि उबरला वॉलेटचा रस्ता धरावा लागला. तेव्हा ‘नवउद्योगाची गळचेपी’ म्हणून बरीच ओरड झाली होती. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा हल्लकल्लोळ. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांनाही दुसरी खूण लागू झाली आणि कितीतरी घरांत मालिका मध्येच थांबल्या. पाच हजारांपर्यंतचे हप्ते एकदा परवानगी दिली की ओटीपीविना जाऊ लागले. जून २०२२ मध्ये ही मर्यादा पंधरा हजार झाली.

विमानातही चालणारे सहा आकडे

एसएमएसनं येणारा ओटीपी सगळ्यांच्या ओळखीचा. पण ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे येतात कुठून? फोन विमान मोडवर टाका, सिम काढून ठेवा, तरी ते बदलतच राहतात. कोणी पाठवतच नाही, तर ते बरोबर कसे निघतात?

यातली करामत २०११ सालच्या एका खुल्या मानकात लिहून ठेवलेली आहे. खातं जोडताना तुम्ही जो चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात एक लांबलचक गुप्त किल्ली असते. ती तुमच्या फोनमध्ये आणि समोरच्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये अशी दोनच ठिकाणी राहते. मग दोघेही घड्याळ पाहतात. १ जानेवारी १९७० पासून आजपर्यंत किती सेकंद झाले ते मोजायचे आणि त्याला तीसनं भागायचं. जो पूर्णांक येतो तो आणि गुप्त किल्ली एकत्र करून एका गणिती चरकातून काढली, की वीस बाइटचा ऐवज बाहेर पडतो. त्याच्या शेवटच्या बाइटमधला अर्धा भाग सांगतो, की या वीसपैकी कुठून सलग चार बाइट उचलायचे. त्या चार बाइटची एक मोठी संख्या होते. तिला दहा लाखांनी भागायचं, आणि जी बाकी उरेल तीच तुमच्या पडद्यावर दिसते! फोन आणि सर्व्हर एकमेकांशी अवाक्षर न बोलता एकच भागाकार करतात आणि एकाच बाकीवर येतात. म्हणूनच कोड कधी कधी शून्यानं सुरू होतो. ती शून्यं गाळायची नाहीत.

यातूनच एक उपयोगी गोष्ट निघते. ॲपमधला कोड वारंवार ‘चुकीचा’ येत असेल, तर फोनचं घड्याळ तपासा. कोणीतरी हातानं वेळ पुढेमागे केलेली असते. वेळ ‘ऑटोमॅटिक’ केली की कोड पुन्हा सुरळीत.

शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना हे ॲप अंगवळणी पडलं आहे, कारण सप्टेंबर २०२२ अखेरपासून ट्रेडिंग खात्यात शिरायला दुहेरी ओळख सक्तीची झाली. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, त्याआधी हा विधी उरकून ठेवायचा.

कच्चा दुवा: एसएमएस

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानं पाठवला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. शुभेच्छा पाठवण्यासाठी बनलेल्या गाडीवर आपण तिजोरीच्या किल्ल्या लादल्या आहेत. मोबाइल कंपन्या एकमेकींशी बोलतात ती ‘एसएस७’ नावाची पद्धत त्याहून जुनी, १९७०-८० च्या दशकांतली. सगळे ओळखीचेच आहेत, या भरवशावर ती रचलेली आहे. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी याच फटीतून ग्राहकांचे ओटीपी मधल्या मधे वळवून घेतले आणि बँक खाती रिकामी केली.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे तुमच्या नावानं नवं सिम काढणं. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचंच ट्विटर खातं या मार्गानं पळवलं गेलं. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, एक्स खात्यावरून बिटकॉइनच्या फंडांना मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा झाली आणि भाव उसळला. तिथेही सिमच पळवलं होतं. वर आणखी एक कळलं, की त्या खात्याची दुहेरी सुरक्षा सहा महिन्यांपूर्वी कर्मचाऱ्यांच्याच विनंतीवरून बंद केलेली होती, कारण लॉगिन करताना अडचण येत होती. साऱ्या देशाच्या बाजाराला शिस्त लावणारी संस्था, आणि वैतागून कुलूप काढून ठेवलेलं!

भारतात सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. तुमच्या फोनची रेंज अचानक, काही कारण नसताना गेली आणि शेजारच्याची शाबूत असेल, तर ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा.

ज्या दिवशी ओटीपी आलेच नाहीत

८ मार्च २०२१, सोमवार. बनावट संदेशांना आळा घालण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार मोबाइल कंपन्यांनी गाळणी सुरू केली. आधी नोंदवलेल्या नमुन्याशी तंतोतंत न जुळणारा प्रत्येक संदेश अडवायचा. अनेक बँकांनी आणि सेवांनी नमुने नीट नोंदवलेच नव्हते. परिणाम असा झाला, की देशभर बँकांचे, आधारचे आणि नुकत्याच सुरू झालेल्या कोविनवरच्या लसनोंदणीचे ओटीपी हवेत विरले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही गाळणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. आपला सगळा आर्थिक व्यवहार एका एसएमएसच्या धाग्याला किती लटकला आहे, ते त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी दिसलं.

टेकडीवर येणारा कोड

आता सगळ्यात दुखऱ्या जागेकडे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली. बाईनं आपला आधार क्रमांक टाकायचा आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी भरायचा. इथपर्यंत ठीक. पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपीही! ज्यांचा नवरा वारला, वडीलही नाहीत, किंवा घटस्फोट झाला, त्यांनी तो आणायचा कुठून? ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी कागदपत्रांचा वेगळा मार्ग काढला गेला आणि नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नंदुरबारच्या डोंगरी भागातून, सातपुड्यातल्या पाड्यांवरून, रेंजसाठी बाया टेकड्या चढत असल्याच्या बातम्या आल्या.

पुण्यात बसून ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणणं सोपं आहे. पाड्यावर फोन एक, तो नवऱ्याकडे, नवरा ऊसतोडीला गेलेला. आधारला जोडलेला नंबर कधीचाच बंद पडलेला. नंबर बदलायला तालुक्याला जायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं गेलं. एवढं करून कोड येतो तेव्हा आधारच्या त्या ओटीपीची मुदत दहा मिनिटांची, आणि तेवढ्यात पोर्टल लटकतं. दीड हजार रुपयांसाठी एवढी परीक्षा घेणारी यंत्रणा सुरक्षित म्हणता येईल, न्याय्य म्हणता येणार नाही. दुसरी खूण म्हणजे फोनच असं थोडंच आहे? अंगणवाडी सेविकेनं ओळख पटवणं, केंद्रावर बोटाचा ठसा, चेहऱ्याची ओळख हे मार्ग अपवाद म्हणून नव्हे, तर पहिल्या दिवसापासून बरोबरीनं खुले हवेत.

वैताग शहरातही आहेच. १ एप्रिल २०२५ पासून मालवाहतुकीच्या ई-वे बिलासाठी सगळ्याच व्यापाऱ्यांना दुहेरी ओळख लागू झाली. एखाद्या एमआयडीसीत रात्री ट्रक भरून उभा, हिशेबनीस संगणकापुढे बसलेला आणि ओटीपी मालकाच्या मोबाइलवर. मालक लग्नाच्या मांडवात. यावर उतारा आहे. त्या पोर्टलवर एसएमएसशिवाय सरकारच्या ‘संदेस’ ॲपवर आणि एनआयसीच्या जीएसटी शील्ड ॲपवरही कोड मिळतो, आणि कर्मचाऱ्यासाठी वेगळा उपवापरकर्ता करून त्याचा नंबर जोडता येतो. हे माहीतच नसल्यानं कित्येक जण अजून मालकाला फोन लावत बसतात.

परदेशातल्या मराठी माणसाचं दुखणं आणखी वेगळं. भारतातलं बँक खातं चालू ठेवायचं तर भारतातला नंबर जिवंत हवा, म्हणून ते सिम आईच्या जुन्या फोनमध्ये असतं. सिंगापुरातला मुलगा पैसे पाठवायला बसला, की सांगलीतली आई चष्मा शोधते. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना त्यांच्या तिथल्याच नंबरवर यूपीआय वापरण्याची वाट मोकळी झाली. त्या दहांत सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि संयुक्त अरब अमिरात आहेत. आपली बँक ही सोय देते का, ते जरूर विचारा.

सांगायचा ओटीपी, न सांगायचा ओटीपी

मला सर्वांत घातक वाटते ती गोष्ट ही. आपण लोकांना रोज दोन परस्परविरोधी सवयी लावतो आहोत. टॅक्सीत बसल्यावर कोड मोठ्यानं सांगायचा. सिलिंडरवाल्याला सांगायचा. पार्सलवाल्याला दारातून ओरडून सांगायचा. आणि बँकेचा कोड मात्र कोणालाही, कधीही सांगायचा नाही. झारखंडमधल्या जामताऱ्याचं नाव देशभर झालं ते या सवयीवर. फोनवर बँकेच्या साहेबाच्या थाटात बोलायचं आणि माणसाला ओटीपी वाचायला लावायचा. दिवसात तीन वेळा अनोळखी माणसाला कोड सांगणाऱ्या आजोबांना चौथ्या वेळी तो सांगू नये, हे कळावं कसं?

त्यांना ‘ओटीपी शेअर करू नका’ हे तुणतुणं ऐकवून उपयोग नाही. त्याऐवजी दोन साध्या गोष्टी शिकवा. एक: समोर वस्तू किंवा गाडी हजर असेल तरच कोड सांगायचा, फोनवरच्या आवाजाला कधीच नाही. दुसरी: पैसे घ्यायला ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. जुना सोफा विकत घेणारा ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणाला, की तो पैसे काढतोय हे नक्की.

व्हॉट्सॲपवरचा सापळाही याच जातीचा. ओळखीच्या नंबरवरून निरोप येतो, ‘माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव ना.’ तो कोड तुमच्याच खात्याचा असतो. पाठवला, की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या हाती, आणि मग तुमच्या नावानं तुमच्या मावशीकडे पैसे मागितले जातात. यावर २०१७ पासून उपाय आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन सहा आकड्यांचा स्वतःचा पिन लावून ठेवायचा. मग कोड गेला तरी पिनशिवाय खातं उघडत नाही.

संदेशाचं शेपूट बघा

मे २०२५ पासून कंपन्यांच्या एसएमएसच्या नावामागे एक अक्षर येतं. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकार. बँकेचा म्हणवणारा संदेश साध्या दहा आकडी नंबरवरून आला असेल, तर तो उघडूही नका.

नाचासाठी कुलूप

लोकांना दुसरं कुलूप लावायला राजी करण्याची सर्वांत झकास युक्ती एका गेमिंग कंपनीची. ऑगस्ट २०१८ मध्ये एपिक गेम्सनं जाहीर केलं, की ‘फोर्टनाइट’च्या खात्याला दुहेरी सुरक्षा लावा आणि ‘बूगीडाउन’ नावाचा नाच फुकट मिळवा. आईबापांनी अजून नाव न ऐकलेली सोय पोरांनी एका नाचापायी लावून टाकली. उलट टोक म्हणजे एक्स, तेव्हाचं ट्विटर. मार्च २०२३ पासून तिथे एसएमएसवरची दुहेरी सुरक्षा फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी उरली. ॲप आणि सुरक्षा किल्ली, म्हणजे संगणकाला किंवा फोनला लावायचं छोटं उपकरण, यांचे मार्ग फुकट राहिले, हे खरं. पण लाखो साध्या लोकांना एसएमएसच वापरता येतो. त्यांचं कुलूप काढून घेणं मला मुळीच पटलेलं नाही.

वैताग हेच हत्यार

सप्टेंबर २०२२ मध्ये उबरवर हल्ला झाला तो असा. कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोराकडे होता. चोर आत शिरायला बघे, की कर्मचाऱ्याच्या फोनवर ‘हे तुम्हीच का?’ अशी विचारणा येत होती, पुन्हा पुन्हा येत होती. अखेर एकदा ‘हो’ दाबलं गेलं. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी ‘हो’चं साधं बटण बदललं. मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये पडद्यावर दिसणारा आकडा हातानं टाकावा लागतो. आपण काहीच केलेलं नसताना अशी विचारणा आली, तर समजा की पासवर्ड फुटला आहे. ‘नाही’ दाबा आणि पासवर्ड बदला.

एवढा त्रास घेऊन मिळतं काय?

भरपूर. गूगलनं न्यूयॉर्क विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो केंद्राच्या संशोधकांबरोबर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साधा एसएमएसचा कोडसुद्धा स्वयंचलित हल्ले १०० टक्के, घाऊक फसवणुकीचे ९६ टक्के आणि नेम धरून केलेले ७६ टक्के हल्ले रोखतो, असं त्यात दिसलं. हातातली सुरक्षा किल्ली असेल, तर तिन्ही प्रकारांत १०० टक्के. गूगलनं २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशी किल्ली सक्तीची केली, आणि पुढच्या वर्षी सांगितलं, की तेव्हापासून एकाही कर्मचाऱ्याचं कामाचं खातं फसवणुकीनं गेल्याची नोंद नाही. २०२१ मध्ये त्यांनी १५ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना न विचारताच दुहेरी सुरक्षा लावली. चिडचिड झाली, पण त्या खात्यांमधल्या चोऱ्या निम्म्यावर आल्या. सक्ती हवी असं मी म्हणतो ते या आकड्यामुळे. ऐच्छिक ठेवली, तर ज्याला सर्वांत जास्त गरज असते तोच ती लावत नाही.

आणि नसेल तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या कंपनीच्या एका पोर्टलवर दुहेरी ओळख नव्हती. चोर चोरलेल्या पासवर्डानिशी तिथूनच आत शिरले. देशभरातल्या औषधदुकानांची बिलं अडली, २.२ कोटी डॉलरची खंडणी मोजावी लागली आणि सुमारे १९ कोटी लोकांची माहिती उघडी पडली. एका दाराला दुसरं कुलूप नव्हतं, एवढंच कारण.

अर्थात ग्राहकाच्या हातातलं कुलूप सगळं वाचवत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, तेव्हा चोरांनी एटीएमच्या विनंत्यांना मंजुरी देणारी यंत्रणाच बनावट उभी केली. बनावट कार्डांना तीच ‘हो’ म्हणत राहिली. २८ देशांतून पैसे निघाले आणि एकूण ९४ कोटींना फटका बसला. ग्राहकानं आपले आकडे जपावेत हे बरोबरच. बँकेनंही आपली बाजू तितक्याच कसोशीनं जपली पाहिजे.

शकुंतलेची अंगठी

कालिदासाच्या नाटकात शकुंतलेची अंगठी शचीतीर्थात गळून पडते आणि दुष्यंत तिला ओळखतच नाही. फोन हरवलेल्या माणसाची आज हीच गत होते. पासवर्ड पाठ आहे, माणूस तोच आहे, पण खूण गेली आणि दार बंद. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटातून कोळ्याला सापडली. तुमचा फोन सापडेल याची खात्री कोण देणार?

यावरचा उपाय फुकट आहे आणि बहुतेकांनी केलेला नाही. गूगलच्या खात्यात ‘बॅकअप कोड’ मिळतात. आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवायचे. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवला, तर फोनबरोबर तेही जातील. ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल, तर त्याचा बॅकअप चालू आहे का ते बघा. गूगलच्या ॲपमध्ये ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याआधी फोन गेला, की सगळ्या खात्यांचे कोड त्याच्याबरोबर जायचे.

आणि जुना नंबर सोडताना फार जपा. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला तरी देऊ शकते. तुमच्या बँकेत, आधारमध्ये, गॅस एजन्सीत तोच नंबर राहिला असेल, तर तुमचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतील.

पुढे काय?

मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘पासकी’चा रस्ता धरला. फोनचं कुलूप ज्या बोटानं किंवा चेहऱ्यानं उघडता, त्यानंच खातंही उघडायचं. ना पासवर्ड, ना ओटीपी. यात मोठा फायदा असा, की पासकी ज्या संकेतस्थळासाठी बनली त्याच पत्त्यावर चालते. हुबेहूब दिसणाऱ्या नकली संकेतस्थळाला ती मिळतच नाही, आणि फोनवर वाचून दाखवावं असं त्यात काही नसतं. रिझर्व्ह बँकेनंही सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत एसएमएसपलीकडच्या पद्धतींना दार उघडलं आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. दोन खुणा लागणारच, पण त्यातली एक एसएमएसच असावी असा हट्ट नाही.

तोवर एक काम आजच करा. घरातल्या ज्येष्ठांच्या शेजारी बसून त्यांच्या ईमेलला आणि व्हॉट्सॲपला दुसरं कुलूप लावा, बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्या आणि बँकेत व आधारमध्ये चालू नंबरच आहे ना, ते त्यांच्याबरोबर तपासा. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. आणि फसवणूक झालीच, तर कोणाला काय वाटेल याचा विचार न करता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे मध्येच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.